भिंतीखालचा नळ

मोरीत पाणी जरा रेंगाळलं की मी लगेच भरमूला निरोप धाडते, याचं तुम्हाला हसू येतं. नव्या भाडेकरणीला ते वेडेपणाचं वाटणारच. तसं पाणी तुंबलं तर कुणी काठीनं ढोसतं, कुणी कढत पाणी ओततं. मीही तेच करत होते. दिवा जरा इकडं सरकवा, सांगते.

आठ वर्षांमागं निपाणीतलं हे घर आत्ताच्या दुप्पट होतं. माझे मालक रायाप्पा आणि धाकटे दीर जिनाप्पा, दोघांची तंबाखूची वखार एक, चूलही एक. मग भावाभावांत बिनसलं आणि वाटणी झाली. गवंड्यानं घराच्या मधोमध भिंत घातली. ती न्हाणीघरातूनही गेली. अर्धं न्हाणीघर माझं, अर्धं जाऊबाईंचं, ब्राह्मीचं. जमिनीखालचे खापराचे नळ मात्र कुणी वाटले नाहीत. माझ्या मोरीचं पाणी आणि तिच्या मोरीचं पाणी भिंतीखाली एकत्र व्हायचं आणि मागच्या गटारात जायचं.

त्यांचं दार मागच्या गल्लीत. बोलणं बंद, येणंजाणं बंद. ब्राह्मी पाचेक महिने चिकोडीला माहेरी राहिली आणि पडदा लावलेल्या गाडीतून परत आली, एवढं मला कळलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी अंघोळीला बसले होते, तेव्हा मोरीच्या भोकातून पाण्याचा आवाज आला. कुणीतरी हळूहळू, चुळकाचुळकानं पाणी घालत होतं. मग ओल्या पाठीवर थोपटल्याचा आवाज. मग तान्ह्या पोराचं रडणं, नाकात पाणी गेल्यावर रडतात तसं, आणि लगेच उसासा टाकून गप्प होणं.

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

मला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. ब्राह्मी माझ्यानंतर सहा वर्षांनी या घरात आली. तिला पोर झालं आणि बारशाला मला साधी हाकसुद्धा नाही. कुणाला विचारायला जीभ वळेना. विचारलं असतं तर मला ठाऊक नव्हतं हे सगळ्या गल्लीला कळलं असतं.

पुढं रोज सकाळी मालक वखारीला गेले की मी मोरीपाशी जाऊन बसायची. डाळीच्या पिठाचा, हळदीचा, शेवटी ओव्याच्या धुरीचा वास त्या भोकातून वर यायचा. मी तो पोटभर घ्यायची आणि दिवसभर जळत राहायची. महिन्याभरानं ते पोर हुंकार द्यायला लागलं. त्या दिवशी मी जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी फाडली, तिचा बोळा केला आणि बांबूच्या कांबीनं जाईल तेवढा आत, भिंतीकडं ढकलला. आवाज बंद व्हावा आणि तिच्या पोराचं पाणी तिच्याच घरात साचावं, एवढंच मनात होतं.

आवाज बंद झाला नाही, उलट जवळ आला.

पाणी मात्र माझ्याच घरात साचायला लागलं. आधी घोट्याएवढं थांबून हळूहळू जायचं. मग नळातून गुडगुड यायला लागली. मग असा वास, की जेवण जाईना. शेवटी स्वैपाकघराच्या मोरीत भांडी धुतली की न्हाणीघरात काळं पाणी वर यायचं. मालक संतापले आणि भरमूला बोलावून आणलं. गावातल्या गटारांचं, नळांचं काम तोच करायचा.

भरमूनं स्वैपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या, माझ्या दोन्ही मोऱ्यांत पाणी ओतून बघितलं.

"आक्का, किती दिस काठी घालताय?"

"महिना झाला असंल."

"म्हंजे तुंबलेलं पुढं पुढं सारलंय. एकीकडं वतलं की दुसरीकडं वर येतंय, आता काठीचं काम न्हाय. नळ उघडाय पायजे. आन् पल्याडची मोरी बी बघाय लागती. तुमी सांगून या."

वाटणीनंतर दोन वर्षांनी मी त्या दाराशी गेले. निमित्त मोरीचं होतं, पण मला पोर बघायचं होतं. ब्राह्मीनं दार उघडलं. फार वाळली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या रिकाम्या कडेकडं बघितलं.

"बाळाला कुणापाशी ठिवून आलासा, आक्का?"

"कुणाच्या बाळाला?"

"तुमच्या..."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पाळणा नव्हता. दोरीवर एक लंगोट नव्हता. तिच्या न्हाणीघरातही घोटाभर काळं पाणी साचलं होतं.

"रोज सकाळी न्हाऊ घालताय," ती हलक्या आवाजात म्हणाली, "सगळं ऐकू येतंय मला. म्हैनाभर ऐकलं... मग मी नळात चिंध्या कोंबल्या. चुकलं माझं."

मी तिचा हात धरून तिला इकडं आणलं. तोवर भरमूनं भिंतीलगतची फरशी उचकटून माती काढली होती आणि वरचं खापर फोडलं होतं. एका बाजूनं माझा निळा बोळा निघाला, दुसऱ्या बाजूनं तिचा तांबडा. मधला हातभर नळ तेवढा दोन्हीकडून बंद होता आणि तिथून घाण वास येत नव्हता. हळदीचा येत होता.

भरमू पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"पाणी हाय..." तो म्हणाला. "कोमट हाय."

मग तो हलायचा थांबला. हात आतच.

"भरमू, काय लागलं? हात काढ."

"काढतो, आक्का... जरा थांबा." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "बोट धरलंय."

भर दुपार होती. वखारीकडं गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. ब्राह्मीची बोटं माझ्या मनगटात रुतली. ती पळून जाईल असं मला वाटलं. पण ती पुढं वाकली आणि अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं,

"कुणाच्या बाजूचं हाय?"

खोटं कशाला सांगू? मलाही तेच विचारायचं होतं.

भरमूनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं गाल जमिनीला टेकवला आणि हळूच म्हणाला, "सोड रं आता... सोड."