श्वासाचा भाग

सन १८९७च्या फेब्रुवारीत गिरगावातल्या निम्म्या घरांना कुलपं होती. प्लेगमुळे आमची शाळाही बंद पडली, म्हणून दुपारी मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत बसे. ईस्टरसाठी मी एकट्या ऑर्गनची एक रचना लिहीत होतो. विषय बायबलातला: कोरड्या हाडांनी भरलेलं खोरं. हाडांवर मांस चढतं, मग वारा येतो आणि ती माणसं उठून उभी राहतात. शेवटचा, श्वासाचा भाग काही केल्या जमत नव्हता.

ऑर्गनचा भाता हलवायला वरळीचा हरेश्वर कोळी यायचा. त्याची बायको तुळसा आठ दिवसांपूर्वी तापानं गेली होती. मी त्याला घरी राहायला सांगितलं, तर म्हणाला, घर खायला उठतं. एकदा त्यानं रचनेतली गोष्ट विचारली. मी सांगितली. त्यानं विचारलं, ती हाडं कुणाची होती? ग्रंथात नावं नाहीत, मी म्हणालो.

त्या बुधवारी तो भाग जमला. जमला म्हणजे, बोटं माझ्याआधीच पुढचा सूर गाठू लागली. प्लेगसाठी शिंपडलेल्या फिनेलचा वास विरला आणि ओल्या मातीचा येऊ लागला.

मागे एक बाक करकरलं.

मग दुसरं. मग रांगच्या रांग.

गीतासाठी मंडळी उभी राहते तेव्हाचा हा आवाज. पंधरा वर्षं पाठमोरा बसून मी तो ऐकत आलो होतो. समोरच्या छोट्या आरशात मागची बाकं रिकामी दिसत होती.

"थांबू नका, मास्तर," हरेश्वर हळूच म्हणाला. तो बाकांकडे बघत होता. "तुळसा अजून उठली नाय."

त्याच्यासाठी मी आणखी चार ओळी वाजवल्या. मग माझ्या मानेवर ऊन श्वास लागला.

मी हात उचलले.

भात्याचा दांडा सोडून हरेश्वर मधल्या वाटेनं दाराकडे गेला. मोकळीच वाट, पण तो अंग चोरत, खांदा पुढे काढून, थांबत थांबत चालला होता. तो पुन्हा कामावर आला नाही.

अंधारेपर्यंत मी तसाच, वळून न बघता बसून राहिलो. बाकं परत करकरली नाहीत. उठलेलं कुणी बसलं नव्हतं.