वाटाड्या खालून वाचतो

पत्ते बरोबर होते. तिकिटंही पुरेशी होती. मग वाटाड्याने चारशेच्या चारशे पाकिटं बाहेर का फेकली?

शलाकाला हेच कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट घेऊन गप्प बसणं तिला कधी जमलेलं नाही. टपाल छाननी केंद्राच्या दालनात ती सारख्या येरझाऱ्या घालत होती. मध्येच घड्याळाकडे बघायची, मध्येच पाकिटांच्या ढिगाकडे. सहाला टपालाची गाडी निघणार होती.

वाटाड्या म्हणजे टपालाची छाननी (कुठलं पत्र कुठे जायचं ते वेगळं करणं) करणारा यंत्रमानव. याला ना डोकं, ना पाय. एक लांबलचक सरकता पट्टा, दोन कॅमेरे आणि एक चपळ हात. तो घडवणारी शास्त्रज्ञ म्हणजे शलाकाची वीणामावशी.

पाकिटांमध्ये कानाच्या यंत्रांचे सेल होते. दर महिन्याला ते घरपोच पाठवायचे, हा शलाकाच्या आईचा नवा उद्योग. ही पहिलीच खेप, आणि सकाळीच कुंभोजकर आजींचा फोन आला होता. आजींना दिसत नाही, आजोबांना ऐकू येत नाही. आजी हाक मारतात, आजोबा धावतात, असं त्यांचं घर चालतं. पण आजोबांचा सेल संपला होता.

"पोरी, हाका मारून घसा बसला गं माझा. पाण्याचा तांब्यासुद्धा सापडेना," आजी म्हणाल्या होत्या. 

"मावशी, वाटाड्याला सांग ना, आजच्या दिवस चालवून घे म्हणावं!"

"मला चालवून घेता येत नाही," वाटाड्या शांतपणे म्हणाला. "मला वाचता यावं लागतं."

"एवढं ठळक छापलंय! आंधळा आहेस का तू?"

"अगं, त्याच्यावर काय खेकसतेस?" मावशीने तिला ओढून पडद्यासमोर बसवलं. "त्याला काय दिसतं ते आधी बघ."

पडद्यावर कुंभोजकरांचं पाकीट आलं. आपण पत्ता वाचतो तो वरून. आधी नाव, मग घर, मग गाव. पडद्यावरचा हिरवा चौकोन मात्र थेट शेवटच्या ओळीवर जाऊन थांबला.

"हा खालून का वाचतो?" शलाका उठूनच उभी राहिली.

"तूच सांग. हे पाकीट आधी कुठे पाठवायचं? आजोबांच्या दाराशी?"

"नाही. आधी त्यांच्या जिल्ह्याकडे. मग गावाकडे."

"मग नाव आधी वाचून तो काय करेल? त्याला आधी पिनकोड हवा. पिनच्या पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो, पहिल्या तीन आकड्यांवरून छाननीचा जिल्हा, आणि सहाही वाचले की नेमकं टपाल कार्यालय. पट्टा पळत असतो, त्याला शोधत बसायला सवड नसते. म्हणून पिन कायम शेवटच्या ओळीत हवा."

शलाकाने शेवटची ओळ वाचली आणि तिचे कान तापले. तिथे लिहिलं होतं, 'दार जोरात वाजवा, ऐकू कमी येतं.' पोस्टमनकाकांसाठी ही सूचना तिनेच प्रत्येक पत्त्याखाली घातली होती. बिचारा वाटाड्या पिन शोधत होता आणि त्याला दार वाजवायला सांगितलं जात होतं!

"आणि हे काय?" मावशीने खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

"मी लावलं," मागे पाकिटांच्या ढिगाशी बसलेली आई म्हणाली. "पहिलीच खेप ना. लग्नपत्रिकेला लावतोच की आपण."

"ताई, त्या कोपऱ्यात वाटाड्या रेषासंकेत (जाड-बारीक रेषांमध्ये लिहिलेला पिन) छापतो. पुढची यंत्रं पत्ता वाचतच नाहीत, नुसत्या रेषा बघतात. कुंकवावर छापलं तर रेषा कुठली आणि डाग कुठला, हे कसं कळणार?"

आईचा चेहरा उतरला. "पहिल्याच कामाला कुंकू पुसू?"

"पुसायचं नाही, आई! वरून कोरी पट्टी लावू. कुंकू आत राहील, आणि वाटाड्याला जागा मिळेल."

"आणि चारशे पत्ते?" मावशीने विचारलं.

शलाका पुन्हा फेऱ्या मारू लागली. मावशीने तिला मुद्दामच काही सुचवलं नाही. अचानक ती थबकली. "ती सूचना कुणी वाचायची? माणसाने. माणूस वरून वाचतो, यंत्र खालून. म्हणजे सूचना सगळ्यात वर, अगदी नावाच्याही वर! आणि सलग सहा आकडे दिसले की ते संगणकाने उचलायचे नि एकटेच शेवटच्या ओळीत ठेवायचे. जमेल?"

"जमेल की!" मावशी हसली.

छापणीयंत्रातून भराभर नव्या पट्ट्या येऊ लागल्या. पत्त्याखाली रेषांसाठी रुंद कोरी जागा होती. तिघी चिकटवायला बसल्या. शलाकाने घाईघाईने पहिलं पाकीट पट्ट्यावर टाकलं, आणि वाटाड्याने ते लगेच बाहेर सारलं.

"आता काय झालं?"

"पत्ता तिरका आहे," वाटाड्या म्हणाला. "ओळी आडव्या सरळ हव्यात."

शलाकाला रडू येईल असं वाटलं. घड्याळ तर पळतच होतं. पण तिने हात आवरले, पट्टी पाकिटाच्या कडेशी जुळवली आणि हळूच दाबली. पाकीट पट्ट्यावरून सर्रकन गेलं. कोपऱ्यात रेषा उमटल्या आणि वाटाड्याच्या हाताने ते अलगद पिशवीत टाकलं. मग तिघी एकेक पट्टी कडेशी जुळवून लावत राहिल्या. गाडीचा चालक दाराशी हॉर्न वाजवत होता, तेव्हा शेवटची पिशवी बांधून झाली.

दुसऱ्या दिवशी शलाका शाळेतून आली ती फोनपाशीच बसली. संध्याकाळी तो वाजला.

"हॅलो! मी कुंभोजकर बोलतोय!" आजोबा इतक्या मोठ्याने ओरडत होते, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "पाकीट मिळालं! थांब, आत्ता घालतोय सेल!"

खुडबुड ऐकू आली. शलाका फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडली, "आजोबा, ऐकू येतंय का?"

 मग आजोबा अगदी हळू म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? येतंय की. आणि थांब हं, ही पाणी मागतेय, देऊन येतो."