आधी जंतूचं बारसं

शर्वरीच्या भावाला डांग्या खोकला झालाय, असा डॉक्टरांचा संशय होता आणि शर्वरीला तो मुळीच पटत नव्हता. या खोकल्यात 'हूप' असा आवाज येतो, हे तिने वाचलं होतं. दीड महिन्याचं बाळ तर धड खोकतही नव्हतं. मध्येच श्वास घ्यायचं थांबायचं आणि निळं पडायचं. बारसं लांबलं होतं. आई हसायचंच विसरली होती.

"तान्ह्याच्या अंगात हूप करण्याएवढं बळ कुठलं?" अनघाआत्या म्हणाली. ती त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. डॉक्टरांनी अंदाजाने प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) सुरू केलं होतं. पण जिवाणू भलताच निघाला तर ते बदलावं लागणार होतं.

बाळाच्या नाकात पार मागून काडीने टिपलेला शेंबूड आत्याने पोपटरावाच्या पोटात ठेवला. पोपटराव म्हणजे प्रयोगशाळेतला यंत्रमानव. शेंबडात जिवाणू फार थोडे, बशीत वाढवायचे तर कित्येक दिवस जातात, असं आत्याने समजावलं. म्हणून पोपटराव पोपटपंची करतो. जिवाणूच्या जनुकांतला (त्याच्या घडणीची लिहिलेली कृतीच ती) एक ठरलेला तुकडा तो तापवतो. तुकड्याचे दोन धागे सुटतात, आणि गार होताना प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार तयार होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी! मग कुठला लपतोय?

हिरवा दिवा लागला, म्हणजे तुकडा सापडला. शर्वरीने उडी मारली, पण आत्या जागची हलली नाही.

"हे नुसतं आडनाव कळलं," ती म्हणाली. "हा तुकडा डांग्या खोकल्याच्या जिवाणूच्या एका चुलतभावाकडेही असतो. खोकला तसाच, पण औषध वेगळं लागू शकतं."

आता त्या चुलतभावाकडे नसलेला दुसरा तुकडा शोधायचा होता. शर्वरीचा जीव टांगणीला लागला. अखेर दुसरा दिवाही लागला. जिवाणू डांग्या खोकल्याचाच होता आणि औषधही बरोबर होतं.

आत्या पोपटरावाच्या कानाशी वाकली आणि तिने जंतूचं शास्त्रीय नाव सांगितलं. "कुर्रर्र... बोर्डेटेला पर्टुसिस!"

बारशाला घालतात तसे शर्वरीने तिच्या पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले.

मग लागण पसरू नये म्हणून घरातल्या सगळ्यांनाच औषध घ्यावं लागलं. आजोबांनी ते तोंड वाकडं करून घेतलं. तू मोठी होशील तेव्हा काडीही लागणार नाही, बाळाच्या नुसत्या श्वासावरून जंतू ओळखता येईल, असं आत्या शर्वरीला म्हणाली.

बाळ बरं झालं आणि बारसं ठरलं. आत्या पाळण्यात वाकली. "कुर्रर्र... पवन!"

दचकून पवनने भोकाड पसरलं, चांगलं लांबलचक, एका दमात. आणि आई हसली.