पांढरी चार, काळी तीन

सुरुवातीचं संगीत

रविवारी जेवणं उरकली की चौघं रायपूरच्या बुढापाऱ्यात जमत. गौतमच्या स्टेशनरीच्या दुकानावरची खोली. खिडकीतून तळ्याचा हिरवट तुकडा दिसे, खालून स्कूटरींचे हॉर्न येत आणि खोलीला कोऱ्या कागदाचा वास असे. गौतम गिटारवर, कॉलेजातला वरद ऑक्टोपॅडवर, पराग कीबोर्डवर आणि माइकसमोर परागची बायको मंजिरी. पराग सिलतऱ्याला एका कारखान्यात भट्ट्यांचं तापमान सांभाळायचा. काट्यावर दिसत नाही ती गोष्ट त्याच्या लेखी नव्हतीच. मंजिरी शाळेत गाणं शिकवायची.

बँडची एक रीत होती. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, तर आधी मूळ गाणं स्पीकरवर लावून त्याच्याच पट्टीत त्याच्यासोबत वाजवायचं. अंगाला अंग लावून चालल्यासारखं. मग हळूच मूळ गाणं बंद करायचं आणि आपण पुढे चालत राहायचं. सगळी गाणी अशीच बसली होती.

एकच बसत नव्हतं. रायपुरातल्याच एका मोडलेल्या मराठी ऑर्केस्ट्राची कॅसेट इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात सापडली होती. त्यात हे एकच गाणं, एका बाईच्या आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वरदसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला होता.

मुखडा

पराग टेपरेकॉर्डरचं बटण दाबतो. पेटी, तबला, मग बाई. चौघं सोबत निघतात. दुसऱ्या अंतऱ्यातली वर चढणारी ओळ येते. मंजिरीचा आवाज फाटतो. "पराग, हळू घे ना," ती पुटपुटते. बाई एकटीच पुढे निघून जाते. गाणं संपतं, खरखर उरते. पराग बटण दाबतो.

पहिला अंतरा

"भैया, ये गाना अपने बस का नहीं है," वरद म्हणाला.

"काहून नाही?" मंजिरी उसळली. "मले हेच गायचं आहे मंडळात."

मागच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये तिचा आवाज फाटला होता आणि मागच्या रांगेतून हसू आलं होतं. तिच्याच शाळेतल्या पोट्ट्या होत्या त्या. घरी येऊन ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी नीट गायले तर गायले, नाहीतर माइकला हात लावणार नाही. ते तिने पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, पण परागला रोज ऐकू येई.

अडचण पट्टीचीही होती. बाईचा सा पेटीवरच्या पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी पडायचा. दोन पट्ट्यांच्या फटीत. कीबोर्ड कुठेच जुळेना. शिवाय मंजिरीची पट्टी त्याहून खालची, काळी दोन.

"अबे इंजिनीअर, टेपचा पट्टा ढिला असन," गौतम म्हणाला. "तू टेप नीट कर. आपल्याले काहून ओढून राहिला?"

पण टेप उघडण्यापेक्षा कीबोर्डचा सूर किंचित उतरवणं सोपं होतं. परागने उतरवला. गौतमने कुरकुर करत गिटारच्या तारा सैल केल्या. मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा दोन सुरांच्या मधोमध थरथरत उभा राहिला आणि चौघं त्या फटीत शिरले.

मुखडा

पराग बटण दाबतो. पेटी, तबला, मग बाई. चढणारी ओळ येते. मंजिरीचा आवाज फाटतो, पण थोडाच. "पराग, हळू घे ना." बाई या वेळी पुढे जात नाही, ओळ जरा लांबवते, वाट पाहिल्यासारखी. मग दोघी सोबत निघतात. खरखर. बटण.

मधलं संगीत

पुढच्या रविवारी कीबोर्ड पुन्हा जुळेना. बाईचा सा आणखी उतरला होता, पांढरी चारच्याही खाली. परागने पट्टा बदलला, मोटर पुसली. त्याच्या पुढच्या रविवारी सा पांढरी तीनवर होता.

टेप मंद झाली की सूर उतरतो, हे त्याला माहीत होतं. पण मग लयही मंदावायला हवी. वरदच्या मोबाइलमधली टिकटिक लावून पाहिली. लय जिथल्या तिथे होती. पेटी, तबला, सगळं तेवढ्याच वेगाने चालत होतं. फक्त सगळ्यांसकट बाई खाली खाली येत होती.

"होता है, भैया. पुरानी चीज है," वरद म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. बाहेर ऊन होतं.

मंजिरीचा घसा बसत चालला. वर्गात ती पेटीवर बोट ठेवून मुलींना नुसतं वाजवून दाखवू लागली. डॉक्टरने दुर्बीण घालून पाहिलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. रविवारी मात्र टेप सुरू झाली की ती गायची, आणि दर वेळी आधीपेक्षा बरं.

टेप काळी दोनवर आली त्या दिवशी मंजिरी घोगऱ्या आवाजात हसली. "पाहा ना, बाईच खाली आली माझ्यासाठी!"

कोणी हसलं नाही.

मुखडा

पराग बटण दाबतो. पेटी, तबला. चढणारी ओळ येते. आवाज फाटत नाही. "पराग, हळू घे ना," असं कोणीतरी म्हणतं. तो मंजिरीकडे पाहतो, तिचे ओठ मिटलेले आहेत. खरखर. बटण दाबताना त्याचं बोट घसरतं.

दुसरा अंतरा

त्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवणारे शंकरकाका चौबे कॉलनीत लेकाकडे राहत. पराग त्यांना कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला गेला. मंजिरी घसा जपत घरीच थांबली होती. सोबत नेलेली टेप त्याने लावली.

"माझीच पेटी!" काकांची बोटं मांडीवर नाचू लागली. मग थांबली.

"हे कोण गाऊन राहिलं?"

"तुमचीच गायिका ना, काका?"

"सुशीला? ते तर आलीच नव्हती त्या दिवशी. आम्ही नुसतं म्युझिक भरलं होतं, तिले घरी सराव कराले. याच्यात आवाज नव्हता, बाबू."

परागने टेपचा आवाज कमी केला. पंखा फिरत होता.

"मग कार्यक्रमात कशा गायल्या त्या?"

"गायली अशी, का विचारू नको. तोवर कधी जमलं नव्हतं तिले." काकांनी स्वतःच हात पुढे करून टेप बंद केली. "पण त्याच्यानंतर आमच्यात आली नाही. रस्त्यात भेटली, तं ओळखे नाही. माझं नाव विचारलं मले."

घरी येऊन पराग म्हणाला, "हे गाणं नको घेऊ."

मंजिरीच्या तोंडून आता नुसती हवा निघायची. तिने तेवढ्या हवेवरच विचारलं, "माझा आवाज पुन्हा फाटणार, असं वाटते ना तुले?"

काट्यावर दाखवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, आपणच गाणं बिघडवायचं. सुरुवातीला चौघांना तेवढंच तर जमत होतं.

वर चढणारी ओळ

गणपतीत मंडळाचा हॉल भरला होता. शंकरकाकांची खुर्ची रिकामी होती.

वरदने काड्या वाजवून ताल दिला. मंजिरीने तोंड उघडलं आणि आवाज आला. स्वच्छ, भरलेला.

मागच्या रांगेतल्या पोट्ट्या गप्प झाल्या.

परागने लय पळवली. वरद आणि गौतम त्याच्यासोबत पळायला हवे होते, किंवा अडखळायला. गाणं होतं त्याच लयीत चाललं.

त्याने सूर चढवण्याचं बटण फिरवलं.

सूर चढला नाही.

ओळ आली. त्याने मुद्दाम शेजारची पट्टी दाबली. पट्टी खाली गेलेली त्याला दिसली, बोटाला लागली.

वाजला तो बरोबरचा सूर.

त्याने दोन्ही हात उचलले.

कीबोर्ड वाजत राहिला.

मंजिरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. ओठ हलले. पराग, हळू. पण त्या ओठांतून त्याच वेळी गाणंही येत होतं.

मग हॉल टाळ्यांनी भरून गेला.

मुखडा

घर. दुसऱ्या रविवारची दुपार. पराग बटण दाबतो. पेटी, तबला, मग आवाज. चढणारी ओळ येते. आवाज फाटतो.

"पराग, हळू घे ना."

गाणं संपतं, खरखर उरते. तो बटण दाबत नाही.

स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटताना गुणगुणते आहे. घसा कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच सुटला, शाळेतही सगळे खूश आहेत. पराग कीबोर्डवर पांढरी चार दाबून पाहतो. गुणगुणणं जरा वर आहे. काळी तीन दाबतो. जरा खाली.

गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा येतो.

"अहो," ती आतून म्हणते, "ती टेप देऊन टाका ना त्याले. मी दाराबाहेर ठेवली होती. काहून आणली आत?"

टेपमधली खरखर थांबते.

"पराग," टेपमधून मंजिरी हळूच विचारते, "घरी कोण आलं आहे?"