जांभळ्या जर्सीतली ब्रायडी

चूक माझीच होती, कबूल. पण म्हणून माणसानं एवढं ओरडायचं?

सामन्याला अर्धा तास होता. आम्ही पोरी सराव करत होतो आणि माझी एक किक वाऱ्यानं भरकटली. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू लंबगोल. एकदा बिथरला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तो थेट आमच्याच पाठीराख्यांच्या कागदी बॅनरमधून आरपार गेला! सामन्याआधी अख्खा संघ तो कागद फाडत मैदानात उतरतो, ही आमच्याकडची रीत. पण एकटीनं, आधीच, तेही चेंडूनं... केल्सो पार्क क्लबमध्ये असला पराक्रम कुणी केला नव्हता.

बॅनरची काठी धरून उभा असलेला कुरळ्या केसांचा एक मुलगा माझ्यावर खेकसला, "आंधळी आहेस का गं?"

"वारा होता!"

"वाऱ्याला गोलचे खांब सापडत नाहीत, आमचा कागद बरा सापडतो!"

असा राग आला मला... आणि हसूही. "मग काय करू आता? पाया पडू?"

"नको. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलवर ये. चिकटपट्ट्या लावायला."

"आणि नाही आले तर?"

"तर मी समजेन, मुद्दाम नेम धरून मारलीस."

गेले. का गेले, ते मला विचारू नका.

त्याचं नाव डारिओ पेलेग्रिनी. ट्राम चालवायचा. केल्सो पार्कचा पाठीराखा. त्याचा बाप तेच, आजोबाही तेच. "माझं नाव ठरायच्या आधी डोक्यावर हिरवी टोपी चढली होती," तो सांगायचा. आमच्या मेलबर्नमध्ये माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, नवरासुद्धा बदलतात. संघ मात्र मरेपर्यंत एकच.

मग दर गुरुवारी मी हॉलच्या फरशीवर गुडघे टेकून कागदी अक्षरं चिकटवायला लागले. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडायचा.

"अगं, ओढू नकोस! कागद आहे तो, समोरच्या संघातली पोरगी नाही."

"मग कसं लावू?"

"असं... हळू." त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथेच राहिली. पट्टी केव्हाच चिकटली होती.

"झाली का रे लावून?" मी विचारलं.

"नाही... अजून नीट बसली नाहीये," तो म्हणाला. खोटारडा!

त्याच मोसमात माझा गुडघा दुसऱ्यांदा गेला. शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरात क्लबनं बोलावून गोड आवाजात सांगितलं की पुढच्या वर्षी जागा नाही. सात वर्षं खेळले होते मी तिथे! सव्वीस वर्षांची मी; खेळ सोडून मला येतं काय? आणि मग मिलबँकचा फोन आला. दोन वर्षांचा करार.

मिलबँक! जांभळ्या जर्सीवाले, नदीपलीकडचे. केल्सो पार्कच्या घराघरात ज्यांचं नावसुद्धा दात खाऊन घेतात, ते.

मी सही केली आणि मग डारिओला सांगितलं.

"पर्थचा संघसुद्धा चालला असता गं," तो म्हणाला. "देशाचं दुसरं टोक... पण चाललं असतं."

तरी पुढचे कित्येक महिने आम्ही एकत्र होतो. तो विषय तेवढा टाळायचो. पण वेळापत्रक आलं. माझा पहिलाच सामना, केल्सो पार्कविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर.

"येशील ना?" दहा दिवस आधी मी विचारलं.

"आलो तर गोलमागे बसणार, आमच्या लोकांत. आणि तुझ्याकडे चेंडू आला की सगळे हुर्यो उडवणार. मीही त्यांच्यातलाच."

"मग उडव."

"तुझी?" त्याचा चेहराच पडला. "भर मैदानात तुझी हुर्यो उडवायची, आणि संध्याकाळी कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर जेवायला बसायचं? टाळ्याही वाजवता येणार नाहीत मला, ब्रायडी. त्या जर्सीला नाही. त्यापेक्षा घरी बसतो."

माझं डोकंच फिरलं. "घरी बसलास तर आपलं संपलं, समजलास? तू मला बघायलाच आला नाहीस, हे मी सहन करणार नाही. खोट्या टाळ्या कुणी मागितल्यात? खरी हुर्यो चालेल मला!"

तो निघून गेला. दहा दिवस ना फोन, ना निरोप. हट्टी मी, मीही केला नाही. रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचे, ते वेगळं.

सामना सुरू झाला. त्याची जागा मला पाठ होती, पण ऊन डोळ्यांवर होतं, काही दिसेना. शेवटचं सत्र, गुण सारखे, दोन मिनिटं उरलेली, आणि मी उंच उडी मारून चेंडू झेलला. गुडघा टिकला! झेल घेतला की निवांत किक मारायची मुभा मिळते. समोर गोल, गोलमागे केल्सो पार्कचे हजारभर हिरवे लोक. हुर्यो सुरू झाली. मी कान देऊन ऐकत होते. हा नाही... हाही नाही...

"चुकशील गं ब्रायडी! चुकशीलच तू! हूऽऽ!"

फाटका, घोगरा, सगळ्यांत मोठा आवाज. आला होता! माझा गाढव आला होता!

मी फिसकन हसले. आमची कप्तान, लिओटा, धावत आली. "अगं, हसतेस काय? कोण तो एवढा बोंबलतोय?"

"तो?" मी म्हटलं. "तो माझाच आहे."

आणि मारली किक. खांबांच्या अगदी मधोमध.

सामना संपल्यावर मी घामानं निथळत तशीच कुंपणापाशी गेले. तो हिरव्या घोळक्यात उभा होता, रडवेला.

"हरवलंस आम्हाला," तो म्हणाला. आवाज पार बसला होता.

"हो."

"वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. आणि तू उडी मारलीस तेव्हा... तुझ्या गुडघ्याच्या भीतीनं मी डोळेच मिटले होते." मग ओठ हलले, काहीतरी पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"मोठ्यानं बोल की. मघाशी तर बरा ओरडत होतास!"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. श्वास घेतला. आणि उरलासुरला घसा फाडून ओरडला, "प्रेम आहे माझं हिच्यावर!" कुंपणावरून वाकून त्यानं मला, त्या जांभळ्या जर्सीसकट, मिठीत घेतलं.

सगळं केल्सो पार्क आमच्याकडे वळून बघायला लागलं. मग मागून कुणीतरी सुरुवात केली, आणि बघता बघता हजार लोकांनी हुर्यो उडवली... आमची, दोघांची मिळून.