आठ वॅटमध्ये भागेल

दुकानात शिरल्यावर तिला आधी दिसले ते नुसते दोन पाय. एका भल्यामोठ्या स्पीकरच्या मागून बाहेर आलेले, आणि एका मोज्याला अंगठ्याशी भोक. बाहेर भुरभुर पाऊस, हातात गळकी छत्री, आणि काउंटरवर चिटपाखरू नाही. मग काय, तिनं पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"अहो, ऐकता का... आमचा अ‍ॅम्प्लिफायर फार हळू वाजतो."

"किती वॅटचा?" पायांनी विचारलं.

"आठ."

"आठच?"

"बाबांसमोर 'आठच' म्हणू नका हं. स्वतःच्या हातानं बनवलाय त्यांनी. रिटायर झाल्यापासून दुसरं काही केलेलं नाही."

पाय हलले आणि उरलेला माणूस सरकत सरकत बाहेर आला. केसांत धूळ, शर्टावर धूळ, आणि नाकावर चष्मा असा तिरपा की एक भिंग भुवईवर, दुसरं गालावर. आता ही बाई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढणारी. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, तेच तिचं पोटापाण्याचं काम. वाकडा चष्मा दिसला की तिला राहवायचंच नाही. ओळख ना पाळख, तिनं सरळ त्याचा चष्मा काढून घेतला, काडी हलकेच वाकवली आणि परत त्याच्या कानांवर नीट चढवला. बोटं कानाला लागली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण इथे गिऱ्हाईक आहोत.

"सॉरी... सवय आहे," ती पुटपुटली.

"नाही, बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे — आता तुम्ही दिसताय."

मग दोघंही घाईघाईनं स्पीकरच्या विषयावर घसरले. घरचे स्पीकर तिच्या खांद्याएवढे उंच आणि दिसायला राजबिंडे. बाबा त्यांच्यावर भाळले होते, आणि आता बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी रेकॉर्डवरची बाई शेजारच्या घरात गातेय असं वाटायचं.

"अ‍ॅम्प्लिफायरची काही चूक नाही हो," तो म्हणाला. "तुमचे स्पीकर खादाड आहेत. काही स्पीकर घास-घास भरवले तेव्हा कुठे तोंड उघडतात. काही मात्र चमचाभर दिलं तरी मोकळे बोलतात. तुम्हाला तसे पाहिजेत. आठ वॅटमध्ये भागणारे."

"असे मिळतात?"

"शोधावे लागतात. आणि घरीच लावून बघावे लागतात, दुकानातला आवाज घरी तसाच येतो असं नाही." त्यानं सरळ झालेला चष्मा उगीच पुन्हा सरळ केला. "मी आणतो ना. एकेक जोडी."

पहिली जोडी आली ती काखेत मावेल एवढी. आवाज गोड, पण पातळ. बाबा भिवया उंचावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई जेवलेली दिसत नाही." दुसरी जोडी पुढे कर्णे असलेली. आठ वॅटवर ती अशी कडाडली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

प्रत्येक वेळी तो जमिनीवर मांडी ठोकून बसायचा, स्पीकर थोडा आत वळवायचा, रेकॉर्डचा तोच तुकडा परत लावायचा आणि विचारायचा, "हे बरं, की मघाचं?"

तिला हसू फुटलं. "दिवसभर मी हेच विचारते लोकांना. हे स्पष्ट, की मघाचं?"

"मग काय सांगतात?"

"निम्मे लोक मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात."

"तुम्ही तसं करू नका हं."

"मी कशाला तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगू?"

"तेही खरंच," तो म्हणाला, आणि चहाचा कप बशीत ठेवायच्या ऐवजी बशीशेजारी ठेवला.

त्याच दिवशी त्यानं तिला वायरींची गंमत दाखवली. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी, लाल आणि काळी. लाल लालला, काळी काळीला. दोनपैकी एकाच स्पीकरची अदलाबदल झाली की एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि गाण्याची पार दशा होते. त्यानं एका बाजूच्या वायरी उलट लावून दाखवल्या. खर्ज गायब झाला, आणि मधोमध उभी राहून गाणारी बाई खोलीभर विरून गेली, कुठे आहे ते सांगता येईना.

"आणि मोडतं काहीच नाही?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. नुसतं जमत नाही दोघांचं."

आता आपल्या या बाईसाहेबांचं काय चाललं होतं ते सांगून टाकलेलं बरं. दिवसाकाठी कितीतरी माणसांच्या डोळ्यांत ती नाकाला नाक लागेल इतक्या जवळून बघायची, आणि एकदाही काळीज हललं नव्हतं. हा मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून वायर सोलायचा, आणि ही हातातला चहा गार होईपर्यंत बघत बसायची. तो हिच्यात गुंतलाय, की नुसता स्पीकरमध्येच, हे काही केल्या कळत नव्हतं. विचारायची तिची छाती होत नव्हती. त्याला तरी कुठे होत होती.

तिसरी जोडी आली. रुंद, बुटकी, दिसायला अगदीच साधी, आत हलक्या कागदाचे मोठे पडदे. सुई टेकली आणि खोलीत बाई गायला उभी राहिली. श्वास घेतलेला ऐकू येत होता. बाबांनी डोळे मिटले ते रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत उघडलेच नाहीत. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे, आणि दोघांचेही चेहरे उतरलेले. जोडी जमली होती. म्हणजे आता येणं-जाणं संपलं.

"सापडले," बाबा म्हणाले आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, कारण आतले काचेचे व्हॉल्व्ह जास्त तापलेले त्यांना खपायचं नाही.

तो वायरी आवरायला म्हणून स्पीकरच्या मागे गेला आणि बराच वेळ आवरत बसला. मग दारात चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "दुकान मामाचं आहे ना... तो दुसऱ्या शहरात शाखा काढतोय. मीच सांभाळावी म्हणतोय. सोमवारपर्यंत काय ते सांगायचंय."

"छानच की," ती म्हणाली. एवढा धडधडीत खोटेपणा तिनं जन्मात केला नव्हता.

बाबा फिरायला गेल्याबरोबर ती उजव्या स्पीकरमागे गुडघ्यावर बसली. लाल काढली, काळी काढली, उलट लावली. उद्या आवाज बिघडेल. मग बोलावावंच लागेल त्याला. मग बघू.

सकाळी बाबांनी रेकॉर्ड लावली. ती स्वयंपाकघरात कान देऊन उभी.

बाई मधोमध उभी राहून गात होती. खर्ज भरलेला. काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

"वा," बाबा म्हणाले. "आज दुकानात कळवून टाक, पसंत आहेत म्हणून."

तिला रडूच यायचं बाकी राहिलं. साधी वायर उलट लावता येऊ नये आपल्याला? तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"आवाज बिघडलाय," ती म्हणाली.

"हो ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरा जास्तच आनंद होता.

संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबा फिरायला बाहेर पडले होते. त्यानं रेकॉर्ड लावली, आणि त्याचा चेहरा हळूहळू गोंधळत गेला. गाणं सरळ वाजत होतं.

"काय बिघडलंय?" त्यानं विचारलं.

"ते... मधोमध नाहीये."

"मधोमधच आहे." तो डाव्या स्पीकरमागे वाकला, बघितलं, डोकं खाजवलं. मग उजवीकडे निघाला. ती लगबगीनं आडवी आली.

"तिकडे काही नाही."

"बघू तर द्या."

"नको ना..."

ती बाजूला झाली. तो वाकला, वायरी बघितल्या. बाहेर आला तो तिथेच फरशीवर बसला, चष्मा पुन्हा तिरपा.

"मी केलं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही पुन्हा याल म्हणून. पण मला मेलं तेही जमलं नाही. वाजतंय ते वाजतंयच."

"जमलं की," तो म्हणाला. "डावीकडच्या मी उलट्या लावल्या होत्या. काल, निघताना. दोन्ही उलटे झाले, त्यामुळे पुन्हा सूर जुळले."

तिनं आधी डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग उजव्या. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे भरून आले. तोही हसत होता, कानापर्यंत लाल होऊन. तीही फरशीवर बसली, त्याच्यासमोर.

"माझा असा धंदा नसतो हो," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचं बिघडवून जायचं. रात्रभर लाज वाटत होती. पण तुम्हाला नुसतं भेटायला यायचं, तर काय म्हणून यायचं?"

"जाऊ नका," ती म्हणाली. "त्या शहरात. मला तुम्ही आवडता. इथे राहा."

मग त्यानं खिशातून फोन काढला, तिच्यासमोरच मामाला लावला. "मामा, मी त्या शाखेवर जात नाही... नाही, तब्येत ठीक आहे... हो, कारण आहे... हो, आठ वॅटवाल्यांच्या घरीच आहे. तुला कसं कळलं?"

पलीकडचं हसणं तिलाही ऐकू आलं. तिनं तोंड ओंजळीत लपवलं. फोन ठेवून त्यानं तिच्या ओंजळीवर हात ठेवला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.

दारात किल्ली फिरली. बाबा आत आले आणि फरशीवरच्या दोघांकडे बघत उभे राहिले. "काय झालं? बिघडले की काय नवे स्पीकर?"

त्यानं चटकन हात मागे घेतला. तिनं तो परत धरला.

"स्पीकर ठीक आहेत, बाबा," ती म्हणाली. "हे आता कामाशिवायही येत जाणार आहेत."

बाबांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. दोघांच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, अगदी सावकाश.

"ते बरं होईल," ते म्हणाले. "काम असलं की पोरगा एकच बाजू ऐकून पळतो."

आणि ते रेकॉर्ड उलटायला गेले.