ओवाळलेलं मॉडेल

या गं पोरींनो, अशा जवळ सरका. बुवा अजून पेटीचा सूर लावतायत, तोवर एक गोड गोष्ट सांगते. नारदमुनी तिन्ही लोकी फिरतात ना, ते एकदा नोएडालाही उतरले असावेत... नाहीतर आमच्या उत्तरा-चिन्मयची गाठ कशी पडती?

तेव्हा नोएडाचे सेक्टर नवेनवे वसत होते. तिथल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. उत्तरा विज्ञान शिकवायची. तिच्या नववीच्या वर्गातल्या अक्षया नावाच्या मुलीनं गच्चीवरची टाकी भरली की घंटी वाजेल, असं मॉडेल केलं होतं. आता उत्तराच्या घरची रीत अशी, की नवं यंत्र ओवाळल्याशिवाय सुरू करायचं नाही. तिनं हौसेनं मॉडेलला हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं...

"मॅडम, ये दिया किसने जलाया?"

मागे नियम तपासणारा उभा. गाझियाबादच्या शाळेतला शिक्षक. चष्मा, दुमडलेल्या बाह्या.

"अगं बाई!"

"अच्छा, मराठी!" तो हसला, मग गंभीर झाला. "मी चिन्मय. हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. आणि मांडलेल्या मॉडेलला मोठ्यांनी हात लावला, तर प्रदर्शनातला प्रवेशच रद्द."

अक्षयाचे डोळे डबडबले.

उत्तरानं फुंकर घातली नाही; फुलानं ज्योत शांत केली. चिन्मय बघतच राहिला... त्याची आईही असंच करायची.

"हात मी लावला, तिनं नाही," उत्तरा म्हणाली. "नियमात काहीच वाट नाही?"

"आहे. सगळं सुटं करून तिनं एकटीनं पुन्हा जोडायचं, माझ्यासमोर. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा."

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा."

राहिली दोघं उभी, शिक्षा झाल्यासारखी. अक्षयानं लाल वायर भलतीकडेच जोडली.

"अहो, ती वायर—"

"श्श! सांगायचं नाही."

"तुम्हाला नाही का सांगावंसं वाटत?"

"वाटतंय ना! म्हणून तर स्वतःचंच मनगट धरून ठेवलंय."

तिनं हळूच वाकून पाहिलं. खरंच, बोटं पांढरी पडली होती. तिला हसू आवरेना.

"घरीही असेच नियम चालतात का हो?"

"घरी आहे कोण ऐकायला?"

"अच्छा..." म्हणत उत्तरानं घाईघाईनं मॉडेलकडे तोंड फिरवलं.

अक्षया थबकली. निरखलं. वायर काढून आपणच नीट जोडली, पाणी ओतलं. काहीच नाही... अजून थोडं ओतलं... आणि घर्रर्र! दोघांचे हात एकदमच सुटले टाळीला. प्रवेश राहिला!

मग चिन्मय दर रविवारी उत्तराच्या घरी भजनाला यायला लागला. टाळ वाजवायचा, चहा प्यायचा, मनातलं मात्र काही सांगायचा नाही. एका रविवारी वरून घंटी वाजली. अक्षयानं उत्तराच्या घरच्या टाकीलाही तशीच बसवली होती. दोघं नळ बंद करायला गच्चीत गेली.

"टाकीसुद्धा भरली की सांगते," उत्तरा नळ फिरवत म्हणाली. "काही माणसांना मात्र..."

चिन्मयचा आवाज अगदी खाली आला. "मी त्या दिवसापासून हात मागे बांधूनच उभा आहे, उत्तरा. सोडू?"

ती वळली. ओला हात पदराला पुसला, पुढे केला.

"सोडा."

वाजली बरं का चिपळी, बुवा कीर्तनाला उभे राहिले. एवढं करा पोरींनो, कुठल्या गच्चीवर घंटी वाजली, की आमच्या अक्षयाला आठवा. लग्न जुळवलं तिनं, आणि ती बिचारी समजत होती, आपण वायर जोडतोय!